मागच्या काचेवरचं नाव

तू ते स्टिकर नखानं काहून खरवडून राह्यला? थांब, पयले माह्यी फजिती आइक.

माह्या बहिणीच्या, प्रीतीच्या लग्नात शेजारच्या भगत गुरुजींनं नवरीले न्याले सोताची नवीकोरी गाडी देली. म्या शहाण्यानं फुलाच्या माळा उडू नये म्हणून बोनेटवर खाकी टेप मारला. मागच्या काचेवर 'प्रीती' अशी कागदी अक्षरं चिकटवली. मे महिन्याचं ऊन. दुसऱ्या दिवशी टेप निघाला, गोंद तसाच राह्यला. मंग म्या घरातलं उलथणं आणलं. गोंदासंग रंगई निघाला!

घाबरत गुरुजींकडे गेलो. "गुरुजी, चुकलं. मी रंगवून देतो."

गुरुजींनं ओरखडे पाह्यले. काकूले आवाज देला, "खोबरेल आण वं."

काकूनं तेल लावलं, जरा मुरू देलं, आन् फडक्यानं पुसलं. सारा गोंद लोण्यावाणी सुटला.

मी तेल घेऊन मागं गेलो. अक्षरं कवाच उडाली होती, पण त्यायच्या गोंदावर रस्त्याची धूळ बसून 'प्रीती' सरळ वाचता येत होतं. फडकं लावणार, तेवढ्यात गुरुजींनं हात धरला.

"ते राहू दे."

"काहून?"

"पोरगी कालच सासरी गेली ना बापू. इतक्यात तिचं नाव कायले पुसतं?"

दोन वर्षं झाले. काचेवरचं नाव अजूनई तसंच हाये. माय म्हणते, गुरुजींची गाडी दिसली की नमस्कार कर. मी करतो. पण गाडी पुढं निघून गेल्यावर, मागून.