टीम वर गेली

अल्लीपूरच्या बसथांब्यावर पार्बताबाई नातीसाठी घेतलेला पेढ्यांचा डबा मांडीवर धरून बसली होती. शेजारी एक बुढा अन् त्याची पोरगी एकाच मोबाइलवर वाकलेली.

"बाबा, वर गेली!"

"खरंच गेली?" बुढ्यानं दुपट्ट्यात तोंड लपवलं.

पार्बताबाईला राहवलं नाही. "कोण वर गेली, बापा? जवळची होती का?"

"माणूस नाई, आजी. विलायतेची फुटबॉलची टीम. खालच्या गटात होती, आता जिंकून वरच्या गटात गेली."

"हात मेली! मंग हा काऊन रडून राह्यला? जिंकल्यावर लोकं पेढे वाटतेत."

"माह्या भावाची लाडकी टीम होती, आजी. शाळेपासून म्हणत होता, एक दिवस वर जाईलच."

"मंग त्याले फोन लाव ना!"

पोरीनं मोबाइल खाली ठेवला. बुढाच बोलला, "तो टीमच्या आधीच वर गेला, माय. दिवाळीले."

पार्बताबाईनं डब्याची दोरी सोडली.

"घे."

"वर्ष नाई झालं, माय. घरात गोड चालत नाई."

"हे काय घर हाये? अन् तुले कोण देऊन राह्यलं? जो जिंकला, त्याले देऊन राह्यली मी. हात पुढं कर."