बुडाला नावाची पट्टी

...आणि वर मला म्हणे, ‘व्हर्डीआजी, पुरावा आणा!’ पुरावा! तुम्हाला सांगते, दुखण्यावरच्या गोळ्यांचं व्यसन लावणाऱ्या त्या कंपन्यांकडून खटल्यात वसूल झालेला आकडा कौंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, सभेत भिंतीवर दाखवला ना, तर शून्यं मोजता मोजता माझा चष्माच घसरला. एवढे पैसे! चर्चमध्येसुद्धा मी कधी इतकी गप्प बसले नाही. मग त्यात वाटा वकिलांचा, वाटा वेस्ट व्हर्जिनिया राज्याचा, वाटा कौंटीचा... डोंगर उतरत उतरत आमच्या खाणीच्या दरीत पोचेपर्यंत उरली एका व्हॅनपुरती चिल्लर. तर तीच मागितली मी! दवाखाना चाळीस मैलांवर, माझी लेक रेनी अकरा महिने गोळीशिवाय उभी आहे, आणि तिची गाडी नेमकी आत्ता मेली. व्यसन रोखणारं आठवड्याचं औषध एकदा चुकलं की संपलंच. तिचा भाऊ तसाच गेला.

पण आमचा कमिशनर डेल्मर, याचा शेंबूड मी पुसलाय हो, म्हणतो कसा, “आजी, शेरीफच्या पोलिसांना जीप हवीय. तुमच्या दरीत नुकसान किती झालं, त्याचा कागद कुठाय?”

“कागद? थांब मेल्या, आणते!”

आमच्याकडे माणूस गेलं की शेजारपाजार जेवण घेऊन येतो, भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी चिकटवून, म्हणजे भांडं फिरून घरी येतं. माझा लेक गेला तेव्हा अकरा आली. सहा परत केली. उरलेली पाच घासूनपुसून न्यायच्या आत मालकिणीच गेल्या, एकामागून एक, त्याच गोळ्यांनी! द्यायची कुणाला?

ती पाच घरून आणून मी सभेच्या टेबलावर पालथी मांडली. धाड, धाड, धाड! डेल्मर एकेक नाव वाचत गेला. चौथ्यावर थांबला. मेव्हिस. त्याची धाकटी बहीण.

“आजी... यात काय आणलं होतं तिनं?”

“बीन्स. मीठ जास्त पडलं होतं.”

“तिचं नेहमीच पडायचं,” म्हणून हसला, आणि रडलाच की हो! भिंतीवर एवढे पैसे, आणि अख्खी सभा एका काचेच्या भांड्याकडे बघतेय... सत्तर वर्षांत असं काही पाहिलं नव्हतं मी.

मिळाली व्हॅन! फक्त मंगळवारी. बाकी सहा दिवस शेरीफकडे. एवढे पैसे, आणि व्हॅन अर्धीमुर्धी! मग मी काय केलं, कुरकुरत्या गुडघ्यांनी गाडीखाली शिरले आणि बुडाला पट्टी चिकटवली : ‘व्हर्डी.’ दर मंगळवारी परत येईल म्हणा... पण भांडी तरी कुठे सगळी परत जातात!