लंगडा घोडा घरी पोचला का?

अगं, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक! दातांच्या दवाखान्यात बाकावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, गालाला रुमाल लावून. तेवढ्यात आला एक मिशीवाला, लेकीचा हात धरून.

"बाई, ओळखलंत? सुधारगृहात तुम्ही महिनाभर बदलीवर शिकवायला आला होतात. मी खिडकीपाशी बसायचो."

"अगोबाई, बडबड्या तू! तोंड म्हणून मिटायचं नाही तुझं."

"अजून कुठं मिटतंय! बाई, तुमच्या गोष्टीतला तो लंगडा घोडा शेवटी घरी पोचला का हो? तुम्ही सांगायच्या आतच नेहमीचे सर परत आले."

"अरे, ती पुस्तकातली गोष्ट नव्हती. रोज येताना बसमध्ये रचायचे मी."

"म्हणजे शेवट नाहीच?"

"तू काय केलास शेवट?"

"आत होतो तोवर रोज नवा करायचो. पण एकदाही तो घरी पोचला नाही बघा. आता झोपताना ही विचारते. मी थाप मारली की लगेच ओळखते. तुम्हीच सांगा हिला."

पोरगी टक लावून बाईंकडे बघतेय. आतून बाईंच्या नावाचा पुकारा झाला, तरी बाई उठेचनात.

तू असतीस तर काय सांगितलं असतंस गं? पोचवलं असतंस घोड्याला घरी?