कप्तानाच्या कोटाची बटणं

—अहो, ती पट्टी आधी खाली ठेवा, प्राध्यापक, नाहीतर हसून हसून माझा चहा सांडेल! एवढ्या लांबून येता काय, आमच्या ह्यांची निवडक दोनशे बारा व्यंगचित्रं टेबलावर मांडता काय, आणि प्रत्येकात खुर्चीपासून पैलवान किती इंच नि कप्तान किती इंच— नाही, नाही, तुमचं चुकलं कुठे? मोजायचीच चित्रं आहेत ती! आमचे हे स्वतः मोजून काढायचे. परराष्ट्रमंत्री सभागृहात म्हणाले ना, दोन्ही बड्या देशांपासून आपण सारखेच लांब राहणार— 'समान अंतर' की काय ते तुमचं धोरण— तर ह्यांनी दुसऱ्याच दिवशी काढलं. डावीकडे उत्तरेचा पैलवान, उजवीकडे समुद्रापलीकडचा कप्तान, मधोमध खुर्चीवर टकलू मंत्री, आणि दोन्हीकडे तीन-तीन इंच. सहा वर्षं, दर गुरुवारी. तीन म्हणजे तीन! एकदा सव्वातीन झालं तर अख्खा कागद फाडला— मी ताटं वाढून बसलेली, आणि हे मंत्र्याला पाव इंच सरकवतायत.

आणि मग खुर्ची सरकली. हो, कळतंय, तेच विचारताय मघापासून. पावणेतीन, अडीच, दोन— अकराव्या आठवड्यात मंत्र्याचा गुडघा पैलवानाच्या मांडीला! आणि पुढच्याच महिन्यात उत्तरेशी तह. सगळा देश थक्क, फक्त आमचे हे सोडून. तुम्ही काय लिहिलंय पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात? वाचा ना परत, मघाशी वाचलंत ते— 'चित्रकाराला मंत्रालयातली आतली बातमी मिळत असावी.' आई गं! आतली बातमी! अहो, ह्या माणसाला आतल्या खोलीतली बातमी कळायची नाही. मी नवे पडदे लावले तर तीन महिन्यांनी म्हणाले, 'काहीतरी बदललंय का गं?'

सांगू? सांगतेच. पण लिहायचं नाही हं, मी ह्यांना शब्द दिलाय. त्या उन्हाळ्यात हे जिन्यावरून पडले. उजवा हात— इथून, मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर! आणि गुरुवार आला. वर्तमानपत्राच्या कचेरीतला शिपाई खाली उभा, चित्र द्या म्हणून. हे पलंगावरून म्हणाले, 'तू काढ. एवढाच आठवडा.' मी? हो, मी! लग्नाआधी शाळेत चित्रकला शिकवायचे मी. पण मी पडले डावखुरी. टाकानं डावीकडून काढत गेलं की सगळी शाई हाताला! म्हणून मी उजवीकडून सुरुवात केली. म्हणजे आधी कोण? कप्तान! आणि कप्तानाचा तो कोट, प्राध्यापक, ती पितळी बटणं— काय मजा यायची काढायला! पहिल्या आठवड्यात चार काढली. मग सहा. मग म्हटलं दुहेरी ओळ करू. बटणं वाढली की पोट वाढवावंच लागतं ना? कप्तान फुगला, मंत्री बिचारा सरकत सरकत पैलवानाच्या कुशीत! आणि तुम्ही लिहिता, 'बटणांची वाढती संख्या म्हणजे आरमाराची भीती'— थांबा, पाणी द्या मला, पाणी—

पट्टीनं मोजलं का नाही? अहो, पट्टी होती कुठे! ह्यांच्या प्लास्टरमध्ये! आत खाज सुटायची, दिवसभर पट्टी आत घालून खरखर, खरखर. देशाचं परराष्ट्र धोरण अकरा आठवडे त्या खाजेपायी—

आणि ऐका, ऐका. नवव्या आठवड्यात पैलवानाच्या वकिलातीतला माणूस दारात. हातात फुलांची परडी, हीऽऽ एवढी! चिठ्ठी— 'आपल्या चित्रांतला संदेश पोहोचला.' आमचं वर्तमानपत्र सरकारच्या मर्जीतलं, म्हणून त्यांना वाटलं, मंत्रीच खुणावतायत! हे माझ्याकडे बघतायत, मी ह्यांच्याकडे. माझ्यामुळे झाला का तह? मला काय माहीत! एवढाली माणसं बटणं मोजून देश चालवत असतील, असं वाटत नाही हो. पण तुम्हीही मोजताच आहात. आणि प्लास्टर निघालं, पट्टी सुटली, तरी खुर्ची मागे नेता येईना— आता धोरणच तसं झालेलं!

बरं, ते अकरा आठवडे सोडा. बाकी सगळं ह्यांचंच. हो तर. हात बरा झाला, मग हेच— कुठलं ते? दाखवा. हां, हे चार वर्षांनंतरचं. बघा, बाहीला इथे कशी घडी पडलीय. दोन रात्री झटत होते, तेव्हा कुठे जमली मला—

...

चहा गार झाला तुमचा.

नाही जुळला हो हात. हाड जुळलं, बोटं नाही जुळली. टाक धरता यायचा नाही. 'दूरदृष्टीबद्दल' मानपत्र मिळालं, तेव्हा व्यासपीठावर हे उजवा हात खिशात घालून उभे. लोक म्हणाले, काय रुबाब! मी पहिल्या रांगेत इतकी हसले, इतकी हसले, की शेजारच्या बाईनं रुमाल दिला. एकोणीस वर्षं. कल्पना ह्यांच्या हं, खालच्या ओळी ह्यांच्या— त्या खुर्चीत बसून बोलायचे, मी काढायचे. सुखाचे होते ते गुरुवार. राग? छे, राग कसला! होता. थोडा. मानपत्राची धूळ पुसताना यायचा.

द्या तो पुस्तकाच्या परवानगीचा कागद. सही कुठे? इथे? काय छापलंय हे— 'चित्रकाराच्या पत्नी'. आणि ह्या मुखपृष्ठाच्या नमुन्यावर एकट्या ह्यांचं नाव, एवढ्या मोठ्या अक्षरांत. हं. पेन द्या. नाही, इकडे, ह्या हातात. 'चित्रकार' एवढंच ठेवते, पुढचं खोडते. आणि ह्यांच्या नावाशेजारी माझं लिहिते. शेजारी, खाली नाही. दिलेला शब्द? तो मी बघते, माझा नवरा आहे तो.

काय झालं? बघत काय बसलात? तिसरं प्रकरण पुन्हा लिहायचंय तुम्हाला, उठा. कागदाची घडी घालू नका, शाई ओली आहे. आणि ती पट्टी— ती खाली ठेवा. आमची आहे.