एक्केचाळीस नंबरची काच

—बस की मालथे, उभा काय राहतोस. सगळे वर शुक्रवारचा पाव खायला गेलेत, इथे आपलं कुणी ऐकत नाही. नवा डॉक्टर महिन्याभरात तळघरात या बोडिलला शोधत येतो, म्हणजे काही लोणी मागायला येत नाही. एक्केचाळीस नंबरची काच, ना? मी मोजले दोनशे बारा, आणि तीच काच दुसऱ्यांदा मोजणाऱ्या युटेने एकोणीस. हो, एवढा फरक आम्हा दोघींत कधी पडत नाही, तेही कळतं मला. सव्वीस वर्षं मेंदूतल्या गाठींचे काप बघतेय. रंग दिला की गाठ निळी, आणि तिच्याशी लढायला आलेल्या टी पेशी तपकिरी. तपकिरी ठिपके भरपूर असले की तो माणूस पुढची दोन-तीन वर्षं तपासणीला येताना दिसतो. नसले की पुढच्या उन्हाळ्याच्या आत फाइल बंद. नेहमीच असं होत नाही— पण बहुतेकदा. आम्हाला निकाल कुणी सांगत नाही, पण काचेसमोर बसून बसून कळायला लागतं.

नियम काय, ते तुला सांगायला नको. दहा जागा न बघता निवडायच्या, आणि गाठीच्या आत शिरलेल्या पेशीच धरायच्या. रक्तवाहिनीच्या कडेला ज्या नुसत्या खोळंबून असतात त्या सोडायच्या— दारापर्यंत आल्या, आत गेल्याच नाहीत, त्यांचा काय उपयोग? मी त्या धरल्या. चुकून? नाही रे, चुकून कुठे दोनशे होतात. जागाही मीच निवडल्या, गर्दी होती तिथल्या. असा बघू नकोस माझ्याकडे. काचेवर नाव नसतं, पण त्या आठवड्यात मेंदूचं ऑपरेशन एकच झालं, आणि ते माझ्या धाकट्या भावाचं. आस्गरचं. ओळखीची काच आली की दुसरीला द्यायची, फॉर्मवर तसं लिहायचं— शेजारणीच्या वेळी लिहिलं होतं मी. इथे हात चालला नाही. वाटलं, एका कागदावरचा आकडा, कुणाचं काय बिघडतंय? आणि त्याला सांगितलासुद्धा. सांगायचा नसतो, माहीत आहे. केर्तेमिंदेच्या बंदरावर ज्याला त्याला ऐकवत फिरतोय तो, माझ्याकडे दोनशे बाराची फौज आहे म्हणून. होडी रंगवायला काढलीय. एवढा खूश मी त्याला आजारपणात पहिल्यांदाच पाहिला.

काय म्हणालास? पुन्हा सांग— ज्यांच्या पेशी कमी, त्यांनाच नवं औषध? त्या पेशींना आत ओढून आणणारं? आणि भरपूर असतील त्यांना नेहमीचंच? मग हे आम्हाला का नाही सांगितलं? हं. मोजणाऱ्याला सांगायचं नसतं. मोजणाऱ्याने लबाडी करू नये म्हणून. बरोबरच आहे. म्हणजे त्याला मीच बाहेर ठेवलं— सख्ख्या भावाला, माझ्या या हाताने. नव्या औषधाची यादी बंद झाली का? आज तीनला होणार? मग बोलत काय बसलोय आपण, सरक. जागा तू निवड, मी मोजते, तू लिहून घे. दोन. शून्य. एक. शून्य. शून्य— कमी निघावेत असं आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय मला, आणि तेही त्याच्या डोक्यात. चार. तीन. शून्य. पाच. तीन. किती झाले? अठरा. म्हणजे युटेचं बरोबर होतं. खोडून अठरा लिही, खाली माझी चूक म्हणून लिही, मी सही करते. मला कामावरून काढतील तर काढू देत.

आज नाव गेलं तर सोमवारी सुरू करतील ना? लवकर केलेलं बरं, मालथे, कारण मंगळवारपासून त्याच्या डाव्या हातातून ब्रश सुटतोय, आणि काल तर मला आईच्या नावाने हाक—

का थांबलास? नवं लक्षण दिसलं तर यादीत घेत नाहीत? लक्षण कोण म्हणालं? दमलाय तो. दिवसभर होडी घासून कुणाचाही हात गळेल. मी काही बोलले नाही, तू काही ऐकलं नाहीस. काचेचं सगळं खरं सांगितलं ना तुला, काही लपवलं का? मग एवढं एक— मालथे. पेन उचल. मालथे, पेन का ठेवलंस?