मोरीची पिल्लं

माझ्या मास्तरकीतली एक चूक अजून खुपते. चौऱ्याऐंशी साली रत्नागिरीत सातवीच्या पेपरात मी विचारलं होतं, नामशेष होत चाललेलं सिंहपुच्छ माकड आणि मोरी, म्हणजे आपल्याकडचा छोटा शार्क, यांच्यातलं एक साम्य लिहा. मला ‘पाठीचा कणा’ हवं होतं. बंदरावरच्या शेवंतीनं लिहिलं, ‘दोघांची पिल्लं आईच्या पोटात वाढतात.’ मी फुली मारली. वर भर वर्गात म्हणालो, “कोळ्याची पोर ना तू? मासा अंडी घालतो.”

पाच वर्षांनी ती बाजारात मासे विकताना भेटली. माझ्यासाठी मोरी चिरली, तर पोटातून चार पिल्लं निघाली.

“शेवंती, मी चुकलो गं.”

“असू दे सर. मला तेव्हा वाटलेलं, आमच्याच मोरीचं कायतरी चुकतंय.”