इमरतीच्या दिवसाचं बक्षीस

नाही, त्या खुर्चीवर नको अक्षता, तिथे आत्ताच एक मांजर ओकून गेलंय — इकडे बस, माझ्या टेबलाशी. आईचं सामान मी बांधून ठेवलंय, ही बघ पिशवी. दोन एप्रन, चपला, निळा स्वेटर, स्टीलचा डबा — डब्याचं झाकण सापडत नव्हतं, काल मीच फ्रिजमागे हात घालून काढलं. अठरा वर्षं नोकरी केली आणि सगळं एका पिशवीत मावलं. तू हिंदीत बोल, मला चालतं, दिल्लीत वाढलेल्या पोरांचं मी मनावर घेत नाही. फक्त पाच मिनिटं बस. बाहेर ती पांढरी गाडी उभी आहे ना, त्यात म्हातारा लॅब्रॅडोर आहे, शेवटच्या इंजेक्शनला आणलाय. अशा वेळी माणसं गाडीतून लवकर उतरत नाहीत. मी पण घाई करत नाही. हल्ली करत नाही.

घरी काय म्हणाली आई? काहीच नाही? म्हणजे इथल्यासारखंच. अर्ज ठेवला टेबलावर, दोन ओळींचा, इंग्रजीत — तुझ्याकडून लिहून घेतला का? हं, वाटलंच मला, स्पेलिंग बरोबर होती. पर्सनल रीझन्स. अगं, अठरा वर्षांत मला तिचं काय पर्सनल माहीत नव्हतं? तुझं बारावीचं टेन्शन, बाबांची बदली, आर. के. पुरमचं क्वार्टर सोडायचं म्हणून रडली होती ते — सगळं या टेबलापाशी ऐकलंय मी. एकीकडे कुत्र्याचा पाय धरलेला, एकीकडे गप्पा.

आणि त्या मराठीत, हे तुला माहीत नसेल. इथे येणारा माणूस पंजाबी, बंगाली, जाट, कोणीही — त्याच्यासमोर आम्ही मराठीत बोलायचो. मुद्दामच. कुत्र्याच्या पोटाला हात लावला, गाठ लागली, की मी हळूच म्हणायचो, साधना, हे काही खरं नाही. ती म्हणायची, डॉक्टर, बाईंना एकदम सांगू नका, आधी बसवा. मग मी बाईंना बसवायचो, पाणी द्यायचो, मग हिंदीत सांगायचो. वाईट बातमी आधी आमच्या दोघांत फिरायची, तिचे काटे जरा कमी व्हायचे, मग त्या माणसापर्यंत जायची. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेली बाई, जनावरांचा एक कोर्स केला नव्हता तिने, पण कोणाला आधी बसवायचं हे तिला कळायचं. आता दोन नव्या मुली आहेत, कोर्स केलेल्या, हुशार आहेत, जेवायला गेल्यात. त्यांच्यासमोर मराठीत काय बोलू? भिंतीशी बोलल्यासारखं आहे ते.

चहाचं सांगितलंय तिने तुला कधी? नाही? एखाद्या जनावराला झोपवलं ना, कायमचं, की दारावर पाटी उलटी करायची — दस मिनट — आणि सगळ्यांनी मागच्या खोलीत चहा प्यायचा. आई करायची, आलं घालून. कोणी बोलायचं नाही. रडायचं त्याने रडायचं. माझीच पद्धत ती, मीच सुरू केली होती — पहिल्या वर्षी, एका दिवसात तीन गेले होते तेव्हा. आणि मीच बंद केली.

का म्हणजे — क्लिनिक वाढलं ना. दोन टेबलं, अ‍ॅपवर बुकिंग, पंधरा-पंधरा मिनिटांचे स्लॉट, त्यात दहा मिनिटं दार बंद कसं ठेवणार? लोक फोन करकरून विचारायचे. शिवाय स्टाफ टिकत नव्हता, वर्षात चार जण सोडून गेले. मग मी गुडगावला एका हॉटेलात सेमिनार केला दोन दिवसांचा — स्टाफला उत्साही कसं ठेवायचं. हसू नकोस, वही भरून नोट्स काढल्या मी, या वयात, पहिल्या रांगेत बसून. दर शुक्रवारी केक. वाढदिवसाला कार्ड. छातीवर स्माइलीचा बिल्ला. दुःखी चेहरा काउंटरवर नको, त्याने वातावरण बिघडतं. आणि दर महिन्याला एक स्टार — टाळ्या, फोटो, काचेचा तारा. मला वाटलं, चला, आता आपण नीट काहीतरी करतोय या लोकांसाठी. चहात काय होतं, नुसता चहाच तर होता.

आईनेही बिल्ला लावला. केक कापला की सगळ्यांना वाटायची, स्वतः खायची नाही — तिला अंड्याचा चालत नाही हे मला दोन महिन्यांनी कळलं.

आणि मग इमरती, आपली क्लिनिकची कुत्री. चौदा वर्षांची, म्हणजे कुत्र्यांच्या हिशोबाने पार म्हातारी. हलवायाच्या ठेल्याखाली सापडली होती, म्हणून हे मिठाईचं नाव, आईच्या ओढणीतून आली इथे, मग इथलीच झाली. तुझ्या घरी पण यायची ना दिवाळीत, फटाक्यांना घाबरून? तीच. एकवीस कुत्र्यांना रक्त दिलं तिने, एकवीस — आई तिचं डोकं मांडीवर घ्यायची आणि ती पाय पुढे करायची, बांधावं लागायचं नाही. किडन्या गेल्या शेवटी. आम्ही दोघांनी ठरवलं, आता पुरे. मी अ‍ॅप बघितलं, सव्वाअकराचा स्लॉट रिकामा होता. सव्वाअकराला केलं. आईने पाय धरला. इमरतीने नेहमीसारखा पुढे केला, तिला वाटलं रक्तच द्यायचंय.

थांब. पाणी पितो जरा.

साडेअकराला लसीकरण होतं, एक पग, पिल्लू. मी घड्याळ बघितलं. आणि मी तुझ्या आईला म्हणालो — साधना, चेहरा नीट कर, बाहेर लोक आहेत. मराठीतच म्हणालो. लोकांना कळू नये म्हणून मराठीत. तिने इमरतीला चादरीत गुंडाळलं, मागे नेऊन ठेवलं, टेबल पुसलं, हात धुतले, आणि पिल्लू आत घेऊन आली. हसत. पिल्लाशी लाडात बोलली पण. मी बघत होतो आणि मला वाटलं, काय बाई आहे, वा.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं गं. पण महिना संपला, स्टार द्यायचा होता. मी सगळ्यांना उभं केलं आणि म्हणालो, या महिन्याचा स्टार साधना, कारण स्वतःवर एवढं ओढवलं त्या दिवशीसुद्धा तिने एकही अपॉइंटमेंट चुकवली नाही. मनापासून म्हणालो. माझे डोळे भरून आले होते. टाळ्या वाजल्या. तो फोटो बघ भिंतीवर — हसतेय. हसायला मीच सांगितलं होतं.

फोटो झाल्यावर मी म्हणालो, साधना, बरं वाटलं ना? ती म्हणाली, जी, डॉक्टर साहब.

अठरा वर्षांत पहिल्यांदा. त्यानंतर मराठी नाहीच. सुई द्यायची असो, पोटात गाठ लागलेली असो — मी मराठीत, ती हिंदीत. जी. ठीक है. अगला भेजूँ? पाच आठवडे. मी एकदाही विचारलं नाही का ते. माहीत होतं म्हणून विचारलं नाही. पाच आठवडे रोज वाटायचं, आज माफी मागू, आणि रोज पुढचा पेशंट यायचा.

म्हणून तुला बसवलं. तिला म्हणावं, परत ये. बिल्ले काढून टाकलेत, शुक्रवारचा केक बंद. मी फोन केले, ती उचलत नाही. तू सांगितलंस तर — का गं, तो तारा का काढतेस पिशवीतून? असू दे ना, मीच ठेवलाय, तिचाच आहे. तिने सांगितलंय? तारा आणू नकोस म्हणून? अच्छा. ठेव मग. तिथेच ठेव, टेबलावर.

गाडीचं दार वाजलं. आले ते. बघ, दोघांनी मिळून उचललाय त्याला. ऊठ तू, त्यांना वाट दे, आणि जाताना दारावरची पाटी उलटी कर, जुनीच आहे, पुसून परत लावलीय. चहा मी करतो माझा. आलं कुठे ठेवायची ती, तेवढं विचारशील — नको. राहू दे, काही विचारू नकोस. जपून जा.

काय म्हणालीस? जी, डॉक्टर साहब?

हं. ठीक है, बेटा. जाओ.